घोंगड्यावर मांडलेला कम्प्युटर

आबा, तुमचं घोंगडं अजून माझ्याकडं हाय. फाटलं न्हाई, कसर लागली न्हाई. दर उन्हाळ्यात लिंबाचा पाला घालून घडी करून ठेवते. ते कुणाला देऊ वाटत न्हाई आन् अंगावर घेऊ बी वाटत न्हाई, अशी गत झाली हाय. का झाली ते तुम्हालाच सांगायला पाहिजे, दुसरं कुणी ऐकून घेणारं न्हाई. मालकांना सांगायला गेलं की ते म्हणत्यात, झालं ते झालं, चहा टाक. म्हणून लिहिते. मला लिहिता येतं हे तुम्हाला ठाऊक न्हाई. तुम्ही मला दुसरीतनं काढलं ते थेट मेंढरांमागं घातलं. तुम्ही गेल्यावर आमच्या सासरच्या गावात मोठ्या माणसांचा शाळेचा वर्ग निघाला. जाऊबाईंना एकटीला जायची लाज वाटत होती म्हणून मी सोबत गेले. त्या कंटाळून घरी बसल्या, मी जात राहिले. अक्षर वाकडं हाय. तुम्हाला वाचता येत न्हवतं, तवा वाकडं काय आन् सरळ काय. खरं तर म्हणूनच लिहायला धीर झाला.

तुमचा नातू तुम्ही बघितला न्हाई. त्याचा जन्म तुम्ही गेल्यावरचा. कारेगावच्या अंगाला आता सगळे कारखाने झालेत. ज्या माळावर तुम्ही लोकांच्या रानात मेंढरं बसवायचा तिथं आता पत्र्याच्या शेडी हायत आन् रात्रंदिवस दिवे जळत्यात. बारावी झाल्यावर पोरगं तिथं ठेकेदाराकडनं एका प्रेस शॉपला लागलं. वरनं लोखंडाचा ठोकळा खाली येतो आन् पत्र्याला आकार देतो. पत्रा हातानं आत सरकवायचा, हात मागं घ्यायचा, पायानं दाबायचं. पाळी सुटंस्तवर तेच. एके दिवशी हात मागं यायच्या आधी ठोकळा खाली आला. उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. ठेकेदार दवाखान्यात आला तो मोसंब्या घेऊन, आन् पोराला म्हणतो कसा, "लक्ष कुठं होतं तुझं?" मी ती मोसंब्याची पिशवी त्याच्या गाडीपाशी नेऊन त्याच्या हातात परत दिली. मला बोलायला लावू नका, एवढंच म्हणाले. मालकांनी नंतर मला झापलं, कारण भरपाईचं त्याच्याच हातात होतं. ती मिळाली, कशीबशी मिळाली.

टाके निघाले, पोरगं घरी आलं आन् भिंतीकडं तोंड करून झोपलं. झोपलं म्हंजी पडून राहिलं. जेवायला उठायचं, डाव्या हातानं चार घास खायचं, परत पडायचं. उजवा हात पांघरुणाच्या आत. मला धीर धरवत न्हाई हे तुम्हाला सांगायला नको. मी त्याला उठवायची, बोलायची, रागं भरायची, मग रडायची, मग रडल्याबद्दल त्यालाच रागं भरायची. एका दुपारी अंथरूण रिकामं दिसलं. मी रानात पळत गेले तर पोरगं विहिरीच्या कठड्यावर पाय आत सोडून बसलेलं. मी लांब उभी राहून म्हणाले, "चल, भाकरी गार होतीय." तो उठला आन् माझ्यामागनं चालत आला. त्यानंतर मी त्याला नजरंआड होऊ दिलं न्हाई. तो बाहेर परसाकडं गेला तरी मी दारात उभी. आता तुम्हाला समजंल की मी त्या कम्प्युटरच्या मागं का लागले. मला कम्प्युटर नको होता. मला पोरगं उठायला पाहिजे होतं.

कम्प्युटरचं त्यानंच काढलं. शिरूरला एस्टी स्टँडच्या वरच्या मजल्यावर क्लास होता, तिथं कम्प्युटर कसा जोडायचा, कसा दुरुस्त करायचा ते शिकवायचे. हाताला पट्टी बांधून दवाखान्यात जाता-येता त्याला ती पाटी दिसायची. एक दिवस म्हणाला, "आई, मी जाऊन बघू का?" बघू का असं इचारलं त्यानं, आबा. मी म्हणाले जा, आन् मालकांनी काय बोलायच्या आत त्याला डबा करून दिला. मग पोरगं बोलायला लागलं. ताटावर बसलं की त्या यंत्राचं पोट उघडून दाखवायचं. कम्प्युटर म्हंजी टीव्हीसारखी एक पेटी, तिच्याशेजारी पत्र्याचा एक डबा, आन् सगळं डोकं त्या डब्यात, हे तुम्हाला कळण्यापुरतं सांगते. त्या डब्याच्या आत एक हिरवा फळा असतो.

"त्याला मदरबोर्ड म्हणत्यात," पोरगं म्हणालं.

"मदर म्हंजी आई ना? आईचं काय काम तिथं?"

"सगळं तिच्यात खुपसायचं असतं. आन् ती काय बोलत न्हाई."

"मग ती आई न्हवं."

मालक हसले, तो बी हसला. मला तर वाटलं सुटलो आपण. त्याचं म्हणणं असं की तयार कम्प्युटर महाग पडतो, सुटे भाग पुण्यातनं आणून घरीच जोडायचा. मग घरात बसून लोकांचे अर्ज टाइप करायचे, लग्नाच्या पत्रिका करायच्या. गावात कुणाकडं न्हाई, सगळे शिरूरला जात्यात. टाइप एका हातानं बी होतं, त्यानं क्लासात करून बघितलं होतं. हळू होतं, पण होतं.

भाग आले तवा दिवाळी होऊन गेली होती. कोरडा वारा सुटला होता, ओठ फुटायचे, पायाच्या टाचा फुटायच्या. पोरानं खोकी उघडली. त्यात एकेक वस्तू चंदेरी पिशवीत घातलेली, बाळंतिणीला जपावं तशी जपलेली. तो म्हणाला, "खाली काहीतरी टाक, फरशीवर नको." तवा मी तुमचं घोंगडं काढलं. आणखी काय काढणार होते? आपल्यात नवं काय बी आलं तर घोंगड्यावर. माझं लग्न लागल्यावर मला घोंगड्यावर बसवलं, पोरगं बारशाला घोंगड्यावर ठेवलं, बिरोबाचं काय असंल तर घोंगड्याशिवाय होत न्हाई. सतरंजी बी होती घरात. सतरंजी माझ्या मनातसुद्धा आली न्हाई.

तुम्ही ते घोंगडं कसं आणलं होतं ते मला आठवतं. वरवंडवरनं चालत, खांद्यावर टाकून, लग्नाच्या आदल्या दिवशी. सगळी काळी लोकर, एक पांढरा केस न्हाई. आईनं सूत काढलं होतं आन् तुम्ही सणगराच्या घरी बसून विणून घेतलं होतं, त्याच्या मागावर लक्ष ठेवून, म्हंजी त्यानं दुसऱ्याची लोकर मिसळू नये. चिंचोक्याच्या खळीचा वास येत होता त्याला. तुम्ही ते माझ्या पुढ्यात टाकलं आन् म्हणालात, "भांडी-कुंडी तुझे मामा देत्यात. मी हे देतो. ह्यात मेंढरं हायत सगळी, तुला वळखू येतील." मला तवा ते घोंगडं नको होतं. मला स्टीलचा हंडा पाहिजे होता, मोठ्या आत्याच्या पोरीला मिळाला तसा. मी तोंड वाकडं केलं. तुम्हाला दिसलं का न्हाई, कुणास ठाऊक.

तर ते अंथरलं. मालकांनी पत्र्याच्या डब्याला हळदी-कुंकू लावलं आन् नारळ हातात घेतला. पोरगं म्हणालं, "बाहेर फोडा अण्णा, पाणी उडंल." ते बाहेर उंबऱ्यापाशी फोडून आले. जाऊबाई शेजारनं आल्या, भिंतीला टेकून बसल्या. पोरगं घोंगड्यावर मांडी घालून बसलं आन् मी त्याच्या समोर. डाव्या हातानं तो वस्तू धरायचा, पण स्क्रू धरायला एक हात आन् फिरवायला दुसरा लागतो. तवा उजव्या हाताची बोटं मी झाले.

"हितं धर. आता फिरव. उलटं न्हाई, सुलटं."

"सुलटंच फिरवते."

"दाब. घाबरू नको, मोडत न्हाई."

"कडकड वाजतंय ते काय?"

"वाजू दे. असंच वाजतं."

मला सुरवातीला भ्या वाटलं, मग न्हाई वाटलं. माझे हात लवकर शिकत्यात, तुम्हीच म्हणायचा. एक तार खुपसायची म्हणून त्यानं सांगायला तोंड उघडावं तोवर ती माझ्याकडनं खुपसून झालेली असायची. दोन-तीन डाव त्यानं स्वतःचा हात पुढं केला, बोटांच्या जागी नुसती गादी राहिलेला तो हात, आन् तो पोचायच्या आत माझा हात पोचला. मेमरीची म्हणून एक बोटभर रुंदीची हिरवी पट्टी असती, ती बी मीच दाबून बसवली. तो म्हणाला, "दमानं की." मी म्हणाले, "बसली न्हवं?" घोंगड्यावर सरकताना मध्येच माझ्या बोटाला झिणझिणी आली, चट्ट असा आवाज झाला. त्याला बी झिणझिणी आली. "घोंगडं चावलं," पोरगं म्हणालं. जाऊबाई म्हणाल्या, "चावंल न्हाई तर काय, मेंढरांवर लोखंड मांडलंय तुम्ही." सगळे हसलो. ह्या दिवसात घोंगडं असं चट्ट-चट्ट करतंच, लहानपणी अंधारात आम्ही पोरं ते झटकून ठिणग्या बघायचो आन् तुम्ही ओरडायचा. ते काय नवीन होतं आम्हाला?

मग सगळं जोडून झालं, टीव्हीसारखी पेटी शेजारी ठेवली, वायरी लावल्या. पोरगं म्हणालं, "अण्णा, तुम्ही बटण दाबा." मालक म्हणाले, "तू केलंस, तू दाब." पोरानं अंगठ्यानं दाबलं. उजव्या अंगठ्यानं, मुद्दाम. आतला पंखा फिरायला लागला, हिरवा दिवा लागला. आम्ही सगळे पेटीकडं बघत होतो. पेटी काळी ती काळी. मग आतनं वाजायला लागलं, लांब, थांबून-थांबून, परत लांब. पिऽऽप. पिऽऽप. पोराच्या तोंडाचा रंग गेला. जाऊबाई म्हणाल्या, "रडतंय का काय ते?" मालक नारळाकडं बघायला लागले. पोरानं बंद केलं, पट्टी काढली, पुसली, परत घातली, म्हंजी मला घालायला लावली. परत तेच रडं. चार डाव केलं. मग तो उठला, आत गेला आन् भिंतीकडं तोंड करून पडला. जाऊबाई पदर सावरत घरी गेल्या. मालक म्हणाले, "दुकानदारानं फसवलं." कुणी तरी फसवलंय असं म्हणलं की त्यांना बरं वाटतं.

तो ना त्या दिवशी उठला ना दुसऱ्या दिवशी. मी म्हणाले, चल, दुकानात घेऊन जाऊ. त्यानं पांघरूण डोक्यावर ओढलं. विहिरीकडचा रस्ता माझ्या डोळ्यापुढं यायला लागला. मग मालकांना म्हणाले, तुम्ही त्याच्यावर लक्ष ठेवा, हितनं हलू नका, आन् तो पत्र्याचा डबा मी घोंगड्यात गुंडाळला, गाठ मारली, डोक्यावर घेतला आन् पुण्याची पहिली एस्टी धरली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, आत कोंबड्या न्हाईत ना?" मी गाठोडं मांडीवर घेऊन बसले. दुकान इचारत इचारत गेले. दुकानदार तरणा होता, नीट मराठी बोलणारा. त्यानं गाठोड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हे कशात आणलंय?"

"घोंगड्यात. तुम्ही दिलेला माल चालत न्हाई. नुसतं रडतंय."

"जोडला कशावर बसून?"

"घोंगड्यावर. का?"

तो हसला. मला असा राग आला की मी गाठ सोडायची थांबले. मग त्यानंच हसू आवरलं. खिशातनं कंगवा काढला, केसावर फिरवला आन् टेबलावरच्या कागदाच्या कपट्यांवर धरला. कपटे उडून कंगव्याला चिकटले. म्हणाला, "लोकरीत पण हेच असतं. ह्या हवेत तर जास्तच. तुम्ही त्याच्यावर सरकत होता ना? तेवढ्यानं मेमरी जळते."

"घोंगड्यानं? अहो, आम्ही पिढ्यान्पिढ्या त्याच्यात झोपतोय. पोरं निजवतोय."

"माणसाला चालतं, मावशी. ह्याला चालत नाही. मुलाला क्लासात सांगितलं असेल की."

सांगितलं होतं, आबा. क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, कामाच्या आधी लोखंडाला हात लावा, नायलॉनवर बसू नका, गालिच्यावर बसू नका. पोरानं मला ते नंतर सांगितलं. घोंगड्याचं नाव सरांनी घेतलं न्हवतं. सरांच्या घरात घोंगडं कुठनं असणार? आन् पोराच्या मनात घोंगडं आन् गालिचा एका जागी यावेत कसे? त्याला घोंगडं म्हंजी बारशाची जागा. मी त्याला अंथरून दिलं आन् तो बसला.

दुकानदारानं जुनी पट्टी त्याच्या यंत्रात घालून बघितली, तिथं बी ती तशीच रडली. त्यानं कुरकुर करत नवी दिली. म्हणाला, घालून चालू करून देऊ का? मी म्हणाले नको. पहिल्यांदा चालू व्हायचं ते पोराच्या म्होरं, त्याच्या हातानं. तवा त्यानं मला करून दाखवलं. पट्टी खाचेत उभी धरायची, दोन्ही टोकांवर दोन्ही अंगठे ठेवायचे आन् एकदम दाबायचं, बाजूच्या खुंट्या आपोआप वर येऊन बसत्यात. "बोटं लागत नाहीत बघा," तो म्हणाला, "सगळं काम अंगठ्यांचं." त्याला काय ठाऊक तो काय बोलला ते.

परत येताना एस्टीत मला बसवंना. दोन अंगठे. माझ्या पोराला दोन अंगठे हायत. त्या सगळ्या कामात हे एकच काम असं होतं की ज्याला माझी गरज न्हवती, आन् यंत्र अडलं होतं ते नेमकं तिथंच. मी देवाला हात जोडणारी बाई न्हाई, तुम्ही असताना बी तुमच्या धाकानं जोडायची. पण त्या दिवशी शिक्रापूर गेल्यापास्नं मी मनात हात जोडलेलेच होते. घोंगडं मांडीवर घेतलं न्हाई, सीटखाली सारलं. डबा दुकानदाराच्या खोक्यात घालून मांडीवर धरला. घरी जायचं, त्याला उठवायचं, बाकी सगळं मी टेबलावर मांडून ठेवायचं आन् मागं सरायचं. असं ठरवलं होतं. मनात सगळं बघून झालं होतं माझं, त्याचे अंगठे, खुंट्यांचा आवाज, सगळं.

घरी आले तर तो तसाच पडलेला. मालक दारात बसलेले, माझ्याकडं बघून त्यांनी नुसती मान हलवली आन् ते बैलाला पाणी दाखवायला गेले. मी लाकडी टेबलावर सगळं मांडलं. वायरी लावल्या, कुठली कुठं ते माझ्या ध्यानात होतं. ती नवी पट्टी पिशवीतच ठेवली. त्याच्या उशाशी गेले.

"ऊठ. घोंगड्यानं घोळ केला होता. नवी पट्टी आणलीय."

त्यानं पाय पोटाशी घेतले.

"दोन अंगठ्यांचं काम हाय. दुकानदारानं दाखवलं मला. बोटं लागत न्हाईत."

"मग तूच कर."

"मी न्हाई करणार. तुझं काम हाय."

"राहू दे मग."

"आता लाईट जायची वेळ होईल. ऊठ की रे."

"उठतो."

उठतो म्हणाला, आबा. मी टेबलाशी जाऊन उभी राहिले. आतनं काय हालचाल न्हाई. घड्याळाकडं बघितलं. त्या वर्षी दुपारची लाईट जायची ती दिवस मावळंस्तवर यायची न्हाई. परत हाक मारली. "हं," म्हणाला. मी पट्टी पिशवीतनं काढली, नुसती बघायला. खाचेवर धरून बघितली, बसती का ते. तो आला न्हाई. मला त्याचा राग आला, लाईटीचा राग आला, त्या पडून राहिलेल्या पाठीचा तर असा राग आला की सांगता येत न्हाई. माझे दोन्ही अंगठे त्या पट्टीवर होतेच. दाबले. खुंट्या खट्ट करून वर आल्या, दोन्ही बाजूंनी, एकदम. मग थांबायचं कशाला म्हणून बटण बी दाबलं.

एकच बारीक आवाज झाला. रडणं न्हवं, एखाद्यानं हाकेला ओ द्यावी तसा. पंखा फिरला आन् काळ्या पेटीवर पांढरी अक्षरं यायला लागली, ओळीनं, भराभर, वरनं खाली. इंग्रजी होतं, मला काय कळणार? पण अक्षरं होती. शेवटी एका जागी एक बारकी रेघ लुकलुकायला लागली, वाट बघितल्यासारखी.

तो आला. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "झालं की."

मी म्हणाले, "ये, बस. पुढचं मला येत न्हाई."

"येईल. तुझ्या हाताला सगळं येतं." रागानं न्हाई बोलला. रागानं बोलला असता तर मी दोन शब्द परत दिले असते, तिथंच मिटलं असतं. शांत बोलला, आन् म्हणाला, "तुझीच बोटं चालली. आता तूच चालव." आन् बाहेर ओट्यावर जाऊन बसला. मी पाठोपाठ दारात गेले, तो विहिरीकडं जातो का ते बघायला. न्हाई गेला. तेवढ्यात लाईट गेली. आतला पंखा थांबला आन् घरात कसलाच आवाज राहिला न्हाई.

पुढचं थोडकं हाय. लाईट आल्यावर त्यानं कम्प्युटर नीट चालू केला, जे घालायचं ते घातलं. माझ्यासाठी केलं ते, मला दिसत होतं. थोडे अर्ज टाइप केले, एक-दोन पत्रिका केल्या. कुणी आलं की उठायचा, गेलं की पडायचा. पुढं कारेगावला एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची नोकरी मिळाली, तिथंच खोली घेतली. अजून तिथंच हाय. गाडी आली की डाव्या हातानं गेट उघडतो. लग्न नको म्हणतो. सुट्टीला येतो, माझ्याशी नीट बोलतो, औषध घेतलंस का इचारतो, येताना केळी आणतो. पाहुण्यासारखा. मी त्याला म्हणते, जरा भांड की माझ्याशी. तो म्हणतो, कशावरनं भांडू? कम्प्युटर टेबलावर हाय, वर चादर टाकली हाय. मालक त्याच्यावर औताचे दोर ठेवत्यात. मी काढते, ते परत ठेवत्यात.

मला हल्ली तुमची एकच गोष्ट सारखी आठवती. भीमेच्या कडंला मेंढरं धुऊन आणलीत, कातरणी चाललीय. मी लहान हाय, तुम्ही मला पहिल्यांदा कातर दिलीय आन् एक म्हातारी मेंढी. कातर माझ्या दोन्ही हातात मावत न्हाई. मी मेंढीला दोन ठिकाणी कापलंय, रक्त आलंय, तिथं हळद दाबलीय. आई लांबनं ओरडती, "अहो, घ्या की तिच्या हातातनं, मरंल ती मेंढी." तुम्ही दोन्ही हात काखेत घालून बसलाय. म्हणता, "तिचं मेंढरू हाय. ती कातरंल." बाकीच्यांचं सगळं उरकलंय, लोकर बांधून झालीय, चुली पेटल्यात, आन् मी अजून त्या एका मेंढीशी झगडती. तुम्ही उठत न्हाई, सांगत न्हाई, बघत बी न्हाई नीट. मला वाटायचं किती आळशी बाप हाय माझा. त्या मेंढीची लोकर तुकड्या-तुकड्यांत निघाली, कुणाच्या कामाची न्हवती. तुम्ही ती वेगळी बांधली आन् माझ्या डोक्यावर दिली.

मी थांबले असते तर तो उठला असता का? न्हाई ठाऊक. मालक म्हणत्यात न्हाई उठला असता, जाऊबाई म्हणत्यात त्याच्या नशिबात न्हवतं. त्यांना बोलायला काय जातं? मला एवढंच कळतं की तो उठतो म्हणाला होता, आन् ते खरं होतं का खोटं हे बघायची जागा आता उरली न्हाई. तुम्ही असता तर तुम्हाला इचारलं असतं, हात काखेत घालून बसायला तुम्हाला काय पडत होतं? सोपं जात होतं का आतनं जीव जात होता? तुम्ही सांगितलं नसतंच म्हणा. तुम्ही कधी काय सांगितलं?

हा कागद कुठं पाठवायचा न्हाई. पोराच्या हातात पडू नये म्हणून चुलीत घालंन. पण घालायच्या आधी एक लिहिते, जे मालकांना बी सांगितलं न्हाई. ती अक्षरं आली तवा मी हसत होते, आबा. एकटीच, उभी राहून, मोठ्यानं. पोरगं आत पडलंय हे माझ्या ध्यानातच न्हवतं, एवढा आनंद झाला होता मला, माझ्या हातांचा. आन् मान वळवली तर तो चौकटीला धरून उभा होता. त्यानं कम्प्युटरकडं बघितलंच न्हाई. तो माझ्या तोंडाकडं बघत होता.